आयपीएलमधली टीव्ही जाहिरात की ऑनलाइन व्हिडिओ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की मसाले-लोणची करणारे, सराफ, बिल्डर, क्लासवाले अशा अनेकांकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरून चाललो आहोत. ते तसे आहेत हे त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे, त्यांना बाजारभाव समजू नये.

१. टीव्हीवर सामन्यात जाहिरात देतो म्हणजे आपण नेमकं काय विकत घेतो?

सेकंद. दर १० सेकंदांवर बोलला जातो. २० सेकंदांची फिल्म असेल तर दुप्पट, ३० ची असेल तर तिप्पट. या विकाऊ सेकंदांना धंद्यात एफसीटी म्हणतात. टी-२० सामन्यात त्यांच्या जागा ठरलेल्या असतात: दोन षटकांमधला विराम, विकेट पडल्यावरचा विराम, डावांमधली मध्यंतराची वेळ आणि प्रत्येक डावात दोनदा येणारा अडीच मिनिटांचा स्ट्रॅटेजिक टाइमआउट.

या जागा सारख्या मोलाच्या नाहीत. षटक संपल्यावर प्रेक्षक जागचा हलत नाही, कारण अर्ध्या-पाऊण मिनिटात खेळ पुन्हा सुरू होणार असतो. मध्यंतरात तो जेवायला उठतो. पॅकेजमध्ये मात्र दोन्ही प्रकारचे सेकंद एकाच दराने येऊ शकतात. त्यामुळे प्रत्यक्ष खेळातले किती आणि सामन्याआधीच्या, मधल्या व नंतरच्या कार्यक्रमातले किती, ही फोड लेखी मागा. खेळ चालू असताना पडद्याच्या खालून सरकणारी पट्टी किंवा एल-बँड (चित्राच्या दोन कडांना एल आकारात दिसणारी जाहिरात) हा माल वेगळा असतो आणि त्याचा दरही वेगळा असतो.

२. आयपीएलचे दर एवढे चढे का असतात?

विकणाऱ्याने हक्कांसाठी मोजलेली रक्कम प्रचंड आहे. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे टीव्ही आणि डिजिटल हक्क स्टार इंडियाने १६,३४७.५० कोटी रुपयांना घेतले होते. जून २०२२ मधल्या ई-लिलावात २०२३ ते २०२७ या काळाचे सगळे हक्क मिळून ४८,३९० कोटींवर गेले. त्यात भारतातल्या टीव्हीसाठी डिस्ने स्टारने २३,५७५ कोटी लावले, म्हणजे सामन्यामागे ५७.५ कोटी. व्हायकॉम१८ ने डिजिटलसाठी २०,५०० कोटी लावले, म्हणजे सामन्यामागे ५० कोटी.

२०२३ आणि २०२४ मध्ये टीव्हीवाला आणि मोबाइलवाला हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, आणि जाहिरातदाराला दोघांना एकमेकांसमोर उभं करून भाव पाडता येत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र येऊन जिओस्टार झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं. आता विक्रेता एकच आहे. घासाघीस दरावर कमी आणि पॅकेजमध्ये टीव्ही, कनेक्टेड टीव्ही (इंटरनेटला जोडलेला) व मोबाइल यांचा वाटा किती यावर जास्त होते.

विक्रेत्याने हक्कांना किती मोजले यावरून ती जाहिरात तुमच्यासाठी किती मोलाची आहे हे ठरत नाही. विक्रीच्या बैठकीत हा आकडा हमखास पुढे केला जातो. त्याने दबून जाऊ नका.

३. मग पूर्ण हंगामाचं बिल किती होतं?

२०२५ च्या हंगामासाठी टीव्हीवर १० सेकंदांना १८ लाखांच्या आसपासचे दर व्यापारी बातम्यांत आले होते. तो आकडा धरून हिशेब करू. २० सेकंदांचा एक स्पॉट ३६ लाख. ७४ सामन्यांत प्रत्येकी फक्त एक स्पॉट म्हटलं तरी २६.६४ कोटी. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१.४४ कोटींच्या घरात. एका सामन्यात एकच स्पॉट कुणाच्या लक्षातही राहत नाही, हे वेगळं सांगायला नको.

या बिलात न दिसणारे खर्चही आहेत: फिल्मची निर्मिती, कलाकाराचं मानधन, संगीताचे हक्क, एजन्सीचं कमिशन (जुनी रीत १५ टक्क्यांची). कलाकाराच्या करारात माध्यम, मुदत आणि प्रदेश लिहिलेले असतात. केवळ टीव्हीसाठी केलेला करार असेल आणि तीच फिल्म यूट्यूबवर चढवली, तर दुसऱ्या मानधनाची नोटीस येते. करार करतानाच दोन्ही माध्यमं घालून घ्या. जीएसटीचं इनपुट क्रेडिट नोंदणीकृत व्यवसायाला मिळतं, पण कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. तेव्हा तो १८ टक्के सरळ खर्चात धरा.

४. ऑनलाइन व्हिडिओत पैसे कशाचे द्यावे लागतात? ‘व्ह्यू’ म्हणजे नेमकं काय?

ते प्लॅटफॉर्मवर अवलंबून आहे, आणि फसगत इथूनच सुरू होते.

यूट्यूबवर ५ सेकंदांनी स्किप करता येणाऱ्या जाहिरातीचा व्ह्यू मोजला जातो तो प्रेक्षकाने ३० सेकंद पाहिल्यावर, फिल्म त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिल्यावर, किंवा तिच्यावर क्लिक केल्यावर. ६ सेकंदांची बंपर जाहिरात स्किप होत नाही. ती दर हजार इम्प्रेशनच्या (जाहिरात एकदा दिसली की एक इम्प्रेशन) भावाने, म्हणजे सीपीएमने घेतली जाते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ३ सेकंदांचा प्ले वेगळा मोजतात आणि थ्रूप्ले वेगळा. थ्रूप्ले म्हणजे १५ सेकंद किंवा फिल्म पूर्ण. ‘जाहिरात दिसली’ असं म्हणायला उद्योगात मान्य असलेली किमान अट तर याहून सैल आहे: पडद्यावर निम्मे पिक्सेल, सलग २ सेकंद.

म्हणून ‘पाच लाख व्ह्यूज’ असा अहवाल आला की पहिला प्रश्न हाच विचारा: किती सेकंदांचे? वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मचे व्ह्यू एका रकान्यात बेरीज करून दाखवणारा अहवाल परत पाठवा.

५. दोन्हींची तुलना करायची तर कशी? टीव्ही महागच ना?

दर माणशी पाहिलं तर टीव्ही अनेकदा महाग नसतो. हे ऐकून बरेच जण चमकतात, म्हणून हिशेबच करू.

समजा २० सेकंदांचा स्पॉट ३६ लाखांना पडला आणि त्या विरामात सरासरी ३ कोटी लोक टीव्हीसमोर होते. (३ कोटी हा धरलेला आकडा आहे.) हजार माणसांमागे खर्च आला १२० रुपये. आता ऑनलाइन सीपीएम २०० रुपये धरा. वरवर पाहता टीव्ही स्वस्त!

पण तुमचं लोणचं फक्त पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात मिळत असेल, आणि त्या ३ कोटींतले तुमच्या बाजारपेठेतले लोक ५ टक्के असतील, तर कामाचे फक्त १५ लाख. ३६ लाख भागिले १५ लाख. हजारी खर्च २,४०० रुपये. ऑनलाइनचे २०० रुपये तुम्ही निवडलेल्या जिल्ह्यांतच खर्च होतात. त्यातला एक चतुर्थांश चुकीच्या ठिकाणी गेला असं धरलं तरी कामाच्या हजार माणसांचा खर्च २६७ रुपयांच्या पुढे जात नाही.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की देशभर दुकानादुकानांत मिळणाऱ्या बिस्किटाला ते ३ कोटी जवळजवळ सगळेच कामाचे. त्याला टीव्ही स्वस्तच पडतो. तेव्हा जाहिरात महाग की स्वस्त हे दरपत्रकावर लिहिलेलं नसतं. तुमचा माल किती दुकानांत आहे यावर ते ठरतं. ज्याचं वितरण तोकडं, त्याने आधी वितरणावर खर्च करावा. जाहिरात पाहून गिऱ्हाईक दुकानात आलं आणि माल नसेल, तर ते शेजारचा ब्रँड घेऊन जातं आणि तुमच्या पैशाने प्रतिस्पर्ध्याची विक्री होते.

या हिशेबात अजून दोन गोष्टी धराव्या लागतात. टीव्हीवरची जाहिरात मोठ्या पडद्यावर, आवाजासह, बहुधा घरातल्या चार जणांसमोर चालते. मोबाइलवरची एकट्यासमोर, पुष्कळदा आवाज बंद करून. आणि ‘आयपीएलमध्ये येणारी कंपनी’ असं दिसलं की व्यापारी आणि वितरक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. हा फायदा खरा आहे. नवीन राज्यात वितरक नेमायचे असतील तर तो विक्रीइतकाच मोलाचा ठरतो.

६. टीआरपीवर किती विश्वास ठेवावा?

टीव्हीचा प्रेक्षक बार्क ही संस्था मोजते. २०१५ पासून तिचे आकडे वापरात आहेत. पन्नास हजारांहून जास्त निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. चॅनेलच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ते मीटर टिपतं, आणि त्यावरून देशाचा अंदाज काढला जातो. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात.

मोठ्या सामन्याच्या राष्ट्रीय आकड्यासाठी हा नमुना पुरेसा आहे. ‘फक्त विदर्भ, फक्त पुरुष, २२ ते ३० वयोगट’ असे तुकडे पाडत गेलात की मीटरची घरं थोडीच उरतात आणि आकडा डोलायला लागतो. असा बारीक आकडा दाखवून कुणी माल विकत असेल तर त्यामागे घरं किती होती ते विचारा. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी उघड केलेल्या टीआरपी फुगवण्याच्या प्रकरणानंतर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे मार्च २०२२ पर्यंत थांबवले होते. ते बातम्यांच्या चॅनेलपुरतं होतं.

तुमच्या खिशाशी जास्त संबंध असलेला भाग वेगळाच आहे. सामन्याची सरासरी आणि विरामातली सरासरी यांत फरक असतो, विरामात आकडा पडतो. बिल देण्याआधी तुमच्या स्पॉटच्या मिनिटाचा आकडा मागा.

७. ‘५.९ कोटी लोक एकाच वेळी पाहत होते’ म्हणजे तेवढ्यांनी माझी जाहिरात पाहिली का?

नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर ५.९ कोटींचा उच्चांक झाला, आणि त्याच वर्षी आयपीएलच्या अंतिम सामन्यात जिओसिनेमावर ३.२ कोटींचा. हे त्या एका क्षणाचे आकडे आहेत. आधीच्या आणि नंतरच्या षटकांत ते बरेच खाली असतात. टीव्हीचा आकडा मिनिटांच्या सरासरीचा असतो. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली की मोबाइल उगाच मोठा दिसतो.

शिवाय ऑनलाइन प्रसारणात एकाच विरामात वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळ्या जाहिराती दाखवता येतात (प्रश्न ८). तुम्ही ५० लाख इम्प्रेशन घेतली असतील तर तेवढीच दिसतील, समोर कितीही कोटी बसलेले असोत.

८. मला जाहिरात फक्त महाराष्ट्रात, किंवा फक्त नाशिकमध्ये दाखवायची आहे. जमेल का?

टीव्हीवर जवळजवळ नाही. राष्ट्रीय प्रसारणाचा एकच फीड, म्हणजे प्रवाह, सगळीकडे जातो. कन्नड, तमिळ, तेलुगू अशा भाषिक फीडवर वेगळी खरेदी करता येते. मराठी माणूस मात्र मोठ्या संख्येने हिंदी फीड पाहतो, आणि तो फीड घेतला की निम्मा देश सोबत घ्यावा लागतो.

ऑनलाइनवर जमतं. जाहिरात सर्व्हरवरच प्रसारणात जोडली जाते, त्यामुळे राज्य, शहर, फोनची किंमत, भाषा यांनुसार प्रेक्षक निवडता येतो. २०२३ मध्ये जिओसिनेमाने १२ भाषांत समालोचन दिलं, त्यात मराठीही होती. केदार जाधव त्या समालोचन कक्षातून थेट बेंगळुरूच्या संघात गेला, हे अनेकांना आठवत असेल. मराठी फीड म्हणजे मराठी प्रेक्षक आपोआप वेगळा काढून मिळतो. प्रादेशिक ब्रँडने याची चौकशी सर्वांत आधी करावी.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. मोबाइल डेटावरच्या फोनचं ठिकाण आयपी पत्त्यावरून काढलं तर ते ढोबळ असतं. सिन्नरचा फोन मुंबईत दिसू शकतो. राज्यासाठी हे चालतं, मोठ्या शहरासाठी बहुतेक वेळा चालतं, पिनकोडसाठी भरवसा धरू नका.

टीव्हीच हवा असेल तर मराठी मनोरंजन वाहिन्या आहेतच. मैदानातल्या फलकांचा पर्यायही पाहा. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेची महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ पासून सुरू आहे, आणि प्रो कबड्डीत यू मुंबा व पुणेरी पलटण हे दोन संघ आपले आहेत.

९. जाहिरात एका माणसाला किती वेळा दिसावी?

नवीन नाव असेल तर आठवड्यात तीन-चारदा तरी, त्याखाली नाव रुजत नाही. पण त्याच सामन्यात आठव्यांदा तीच फिल्म आली की माणूस चिडतो. टीव्हीवर मर्यादा घालता येत नाही. रोज सामना पाहणाऱ्याला ती पन्नास वेळा दिसते आणि अधूनमधून पाहणाऱ्याला एकदाही नाही. ऑनलाइनवर फ्रिक्वेन्सी कॅप लावता येते, मात्र ती प्लॅटफॉर्मनिहाय चालते. यूट्यूबची मर्यादा हॉटस्टारला ठाऊक नसते.

टीव्हीवर यावरचा उपाय म्हणजे अनेक फिल्मा. व्होडाफोनने २००९ च्या आयपीएलमध्ये झूझूच्या तीसच्या आसपास छोट्या फिल्मा केल्या आणि जवळपास रोज नवी दाखवली. लोक जाहिरातीची वाट पाहू लागले. तेवढं शक्य नसेल तरी पूर्ण हंगामासाठी किमान तीन फिल्मा हव्यात.

१०. टीव्हीची फिल्म तशीच यूट्यूबवर आणि रील्सवर टाकली तर चालेल का?

चालेल, पण पैसे वाया जातील. टीव्हीच्या फिल्ममध्ये ब्रँड बहुधा शेवटच्या चार सेकंदांत येतो. यूट्यूबवर तोपर्यंत माणूस स्किप करून गेलेला असतो. पहिल्या ५ सेकंदांत नाव ऐकू आणि दिसू द्या. रील्ससाठी ९:१६ च्या उभ्या चौकटीत मुद्दाम चित्रण करा. आडव्या फिल्मच्या बाजू कापल्या की पाकीट चौकटीबाहेर जातं. मराठी मजकूर पडद्यावर ठेवा, कारण आवाज बंद असतो. अक्षरं मोठी हवीत, आणि फॉन्ट जोडाक्षरं नीट काढतो ना ते स्वस्त फोनवर पाहून घ्या.

११. प्रतिस्पर्धी आयपीएलमध्ये आहे. आम्हीही जावं का?

याबाबत अमेरिकेतला एक अभ्यास उपयोगी आहे. स्टॅनफर्डचे वेस्ली हार्टमन आणि बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाचे डॅनियल क्लॅपर यांनी सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या जाहिरातींचा बिअर आणि शीतपेयांच्या विक्रीवरचा परिणाम तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकट्या जाहिरात करणाऱ्या ब्रँडला फायदा दिसला. एकाच प्रकारच्या मालाचे दोन मोठे ब्रँड एकत्र आले, तेव्हा तो फायदा मोठ्या प्रमाणात विरला.

म्हणजे तुमच्या प्रकारच्या मालात आधीच दोघे असतील तर तुमचे पैसे बचावासाठी जातील, वाढीसाठी नाही. तेव्हा एकतर वर्गाची मक्तेदारी (म्हणजे त्या पॅकेजमध्ये तुमच्या प्रकारचा दुसरा ब्रँड नको) करारात मागा, नाहीतर ते जिथे नाहीत तिथे जा. महिला प्रीमियर लीगचे पहिल्या पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले, सामन्यामागे ७.०९ कोटी. तिथे गर्दी कमी आहे आणि स्वयंपाकघरातल्या मालासाठी ती जागा विचार करण्याजोगी आहे.

१२. विक्री वाढली ती जाहिरातीमुळेच, हे कसं कळणार?

नुसतं ‘मागच्या महिन्यापेक्षा वाढली’ म्हणून कळत नाही. आयपीएलचे महिने म्हणजे उन्हाळा, लग्नसराई, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया. शीतपेयं, लोणच्याचा मसाला, दागिने यांची विक्री एरवीही चढते. ऑनलाइन व्हिडिओचा मोठा फायदा इथे आहे, कारण त्याची चाचणी घेता येते. ती अशी:

मागच्या दोन वर्षांच्या विक्रीवरून एकमेकांशी जुळणाऱ्या जिल्ह्यांच्या जोड्या करा, उदाहरणार्थ सांगली आणि सातारा. प्रत्येक जोडीतल्या एकाच जिल्ह्यात जाहिरात चालवा. कुठला जिल्हा ते चिठ्ठी टाकून ठरवा, विक्री प्रतिनिधीच्या आग्रहावरून नको. सुरू करण्याआधीच्या सहा आठवड्यांची विक्री नोंदवून ठेवा आणि जाहिरात किमान चार आठवडे चालवा. या काळात दोन्हीकडे व्यापाऱ्यांना दिलेली स्कीम सारखीच ठेवा. विक्री मोजताना डेपोतून वितरकाला गेलेला माल धरू नका. जाहिरात येतेय म्हटल्यावर वितरक आधीच साठा करतो. दुकानातून गिऱ्हाइकाकडे गेलेला माल धरा, त्यासाठी दर जिल्ह्यात वीस-पंचवीस दुकानांची साप्ताहिक नोंद पुरते.

आता धरलेल्या आकड्यांवर हिशेब. जाहिरातीच्या जिल्ह्यात विक्री ४० लाखांवरून ५० लाख झाली, बिनजाहिरातीच्या जिल्ह्यात ४० वरून ४६. जाहिरातीमुळे आलेली वाढ १० लाख नव्हे, ४ लाख. नफ्याचं प्रमाण ३० टक्के असेल तर हाती १.२ लाख. जाहिरातीवर ३ लाख गेले असतील तर या चार आठवड्यांपुरता तोटा आहे. हे पाहून लगेच बंद करावं असं नाही, नवीन गिऱ्हाईक पुन्हा येतं का ते पुढचे दोन-तीन महिने पाहावं लागतं. पण ‘१० लाखांनी विक्री वाढली’ असा अहवाल स्वीकारून पुढच्या वर्षी बजेट तिप्पट करणं हा मोठा धोका आहे.

राष्ट्रीय टीव्हीवर अशी चाचणी होत नाही, कारण जाहिरात न पोचलेला जिल्हाच उरत नाही. तिथे स्पॉट लागल्यापासून दहा मिनिटांत वेबसाइटवर आणि फोनवर किती चौकशा वाढल्या एवढंच मोजता येतं. दुकानात विकल्या जाणाऱ्या मालासाठी तेही फारसं उपयोगी नाही.

१३. पाऊस पडला किंवा सामना लवकर संपला तर पैसे परत मिळतात का?

रोख परतावा क्वचितच मिळतो. न लागलेले सेकंद पुढच्या सामन्यांत भरून दिले जातात. ते कुठल्या सामन्यांत, हे करारात नसेल तर हंगामाच्या मध्यावरच्या फिक्या लढतीत मिळतील. २०२३ चा अंतिम सामना पावसाने राखीव दिवसावर गेला, दुसरा डाव १५ षटकांवर आला आणि निकाल लागला मध्यरात्रीनंतर. अंतिम सामन्यातल्या उत्तरार्धाचे स्पॉट घेतलेल्यांसाठी षटकं कमी म्हणजे विराम कमी. २०२१ मध्ये स्पर्धा मेमध्ये थांबून सप्टेंबरमध्ये अमिरातीत पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्येही ९ मे रोजी थांबून १७ मे रोजी सुरू झाली आणि अंतिम सामना ३ जूनला झाला. हंगामी मालाला ही सरक सोसवत नाही: जूनमध्ये कूलर कोण घेणार?

रिलीज ऑर्डरमध्ये (जाहिरात लावण्याच्या लेखी ऑर्डरमध्ये) तीन कलमं घाला: भरपाईचे स्पॉट समान दर्जाच्या सामन्यात, स्पर्धा ठराविक दिवसांहून जास्त पुढे गेल्यास रद्द करण्याची मुभा, आणि बिलासोबत टेलिकास्ट सर्टिफिकेट (जाहिरात लागल्याचा दाखला). ऑनलाइनमध्ये हा त्रास नाही, दिसलेल्या इम्प्रेशनचेच पैसे जातात.

१४. ऑनलाइनमध्ये पैसे नेमके कुठे गळतात?

पहिली गळती ठिकाणाच्या सेटिंगमध्ये. गूगल ॲड्समध्ये मूळ निवड ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवलेले’ अशी असते. कोल्हापूर निवडलं तरी कोल्हापूरची सहल शोधणारा दिल्लीकर त्यात येतो. ‘प्रत्यक्ष तिथे असलेले’ ही निवड करा.

दुसरी गळती लहान मुलांच्या व्हिडिओंवर. आईवडिलांच्या फोनवर बालगीत चालू असतं, मूल स्किप करत नाही, जाहिरात पूर्ण चालते आणि व्ह्यू मोजला जातो. अहवालात हा आकडा फार देखणा दिसतो. मुलांसाठीचा मजकूर वगळा आणि जाहिरात कुठल्या चॅनेलांवर दिसली ती यादी दर आठवड्याला पाहा. तिसरी गळती यूट्यूबबाहेरच्या भागीदार साइट्स आणि गेम ॲप्समध्ये. सुरुवातीला त्या बंदच ठेवा.

प्लॅटफॉर्मने स्वतःच काढलेल्या आकड्यांची पडताळणीही हवी. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ दोन वर्षं फुगवून दाखवला गेला होता, कारण ३ सेकंदांपेक्षा कमी पाहणारे हिशेबातून वगळले होते. २०१७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींतले १० कोटी डॉलरहून अधिक कापले आणि विक्रीवर परिणाम दिसला नाही, असं कंपनीने जाहीर केलं. एवढी मोठी कंपनी फसू शकते, तर दहा लाखांच्या मोहिमेचा हिशेब तर डोळ्यात तेल घालूनच तपासायला हवा.

१५. ‘आयपीएल धमाका ऑफर’ असं म्हणून ऑनलाइन जाहिरात करू का?

आयपीएल हे नाव, बोधचिन्ह, संघांची नावं, जर्सी आणि खेळाडूंचे फोटो परवान्याशिवाय वापरू नका. धोनीचा फोटो लावलेली रील बूस्ट केली की ती जाहिरात होते, आणि नोटीस येते.

‘क्रिकेटचा मोसम’, ‘सामन्याच्या रात्री’, बॅट-बॉलचं चित्र यात सहसा अडचण येत नाही. १९९६ च्या विश्वचषकात कोका-कोला अधिकृत प्रायोजक असताना पेप्सीने ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’ म्हणत मैदान मारलं होतं. २००३ मध्ये आयसीसीने फिलिप्सच्या विश्वचषक तिकीट-बक्षीस योजनेविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा मनाई हुकूम मिळाला नाही. पण त्या निकालाच्या आधाराने छोट्या व्यावसायिकाने खटला ओढवून घेणं परवडणारं नाही.

१६. कुठल्या मालाला दोन्हीकडे दार बंद आहे?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातीलाही बंदी आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दारू आणि तंबाखूला आधीपासून बंदी आहेच, आणि त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वेलची-सोड्याच्या आडवाटेवरही नजर आहे. बाकी कुठल्याही मालासाठी ‘नंबर वन’, ‘१०० टक्के निकाल’ असे दावे पुराव्याशिवाय करू नका. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. क्लासवाल्यांनी हे नीट वाचावं.

मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांसाठी: ट्रेलर टीव्हीवर लावायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत मागा, नाहीतर घेतलेले स्पॉट रिकामे जातील.

१७. आमचं बजेट अमुक आहे. काय करावं?

पाच-दहा लाख: टीव्हीचा विचार नको. २०० रुपये सीपीएम धरला तर १० लाखांत ५० लाख इम्प्रेशन. एका माणसाला पाच वेळा धरलं तर १० लाख माणसं. हे दोन-तीन जिल्ह्यांत एकवटा, राज्यभर पातळ पसरू नका.

पन्नास लाख ते दोन कोटी: प्रश्न १२ ची चाचणी आधी, मगच उरलेली रक्कम. मराठी फीड आणि कनेक्टेड टीव्ही यांवर भर द्या. मोठा पडदा आणि शहराची निवड दोन्ही एकत्र मिळतात ती हीच जागा.

पाच कोटी: फसवी रक्कम. आयपीएलच्या टीव्हीवर ती मूठभर स्पॉटांत संपते आणि आठवणीत राहत नाही. मराठी वाहिन्यांवर आणि ऑनलाइनवर याच रकमेत वर्षभर दिसता येतं.

पंचवीस-तीस कोटींच्या पुढे, आणि वितरण देशभर असेल: तेव्हा टीव्ही घ्या, आणि घ्यायचाच तर पूर्ण हंगाम घ्या.

१८. जाहिरात लागली आणि वेबसाइटच पडली तर?

फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने पडद्यावर फक्त एक फिरता क्यूआर कोड दाखवला, मिनिटभर. इतके लोक आले की ॲप काही काळ बंद पडलं. टीव्हीवरून येणारी गर्दी एकाच मिनिटात येते, ऑनलाइन मोहिमेतली दिवसभर विभागून येते. म्हणून टीव्हीच्या स्पॉटसाठी वेगळं हलकं पान बनवा, एकच फॉर्म, फोटो कमीत कमी, आणि नेहमीच्या सर्वोच्च गर्दीच्या वीसपट भार टाकून आधी तपासा. क्यूआर कोड पडद्यावर किमान दहा सेकंद राहू द्या. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाहून तो स्कॅन होतो का ते घरच्या टीव्हीवर पाहा. फोनवर चौकशा घेणार असाल तर सामने साडेसातला सुरू होतात आणि अकरापर्यंत चालतात, त्या वेळेत फोन उचलायला माणसं बसलेली हवीत.